सी भाषेतील सामायिक लायब्ररी विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर व्यवस्थित चालणारी सी भाषेतील लायब्ररी विंडोजवर किंवा मॅकवर न्यायची वेळ आली की बहुतेक जण आधी कोडमधील सिस्टीम कॉल हुडकायला लागतात. ते काम चुकत नाही. पण खरी गोची बहुधा तेथे नसते. ती हेडर फाइलमध्ये असते: कोणते फंक्शन बाहेरून दिसते, कोणत्या मापाचा पूर्णांक लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांच्यातील सीमा ओलांडतो, एकाने घेतलेली मेमरी भलताच कोणी सोडतो का. त्यामुळे खालील प्रश्नांपैकी बरेचसे हेडरभोवतीच फिरतात. सी भाषा आणि लिंकर यांची ओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

डीएलएल, एसओ आणि डायलिब ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत का?

विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ आणि मॅकवर डायलिब: काम एकच आहे, कायदे वेगळे आहेत. लिनक्स, बीएसडी आणि सोलारिस यांवरील ईएलएफ या फाइल-स्वरूपात सिम्बॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबल) केवळ नावाने शोधला जातो. लोड झालेल्या लायब्ऱ्यांच्या रांगेत ते नाव जिच्यात प्रथम सापडेल, तिचे फंक्शन वापरले जाते. विंडोजच्या पीई स्वरूपात मात्र ‘अमुक डीएलएलमधील अमुक फंक्शन’ अशी जोडीच लिंक करताना नोंदवली जाते. मॅकचे माख-ओ स्वरूपही १०.१ या आवृत्तीपासून अशीच दुपदरी नोंद ठेवते.

याचे दोन परिणाम सतत भेटतात. दोन लायब्ऱ्यांनी ‘लॉग_मेसेज’ नावाचे फंक्शन उघडे ठेवले, तर लिनक्सवर एकीचे फंक्शन दुसरीच्या जागी मुकाट्याने वापरले जाते, आणि विंडोजवर तीच चूक वर्षानुवर्षे लपून राहते. म्हणून प्रत्येक सार्वजनिक नावाला लायब्ररीचा उपसर्ग लावणे ही शिष्टाचाराची नव्हे, गरजेची बाब आहे. दुसरा परिणाम उलट दिशेचा: लिनक्सवरील लायब्ररी काही सिम्बॉल अनुत्तरित ठेवूनही तयार होते आणि ते पुढे मुख्य प्रोग्रॅम पुरवतो. प्लगइन लिहिणारे या सवलतीवर सर्रास विसंबतात. विंडोजवर असा डीएलएल लिंकच होत नाही. लिंकरला ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय देऊन लिनक्सवरही तोच कडक नियम लावून घ्यावा, आणि प्लगइनला लागणारी फंक्शने पॉइंटरांच्या एका स्ट्रक्टमधून सुरुवातीलाच त्याच्या हाती द्यावीत.

विंडोजवर बिल्डमधून दोन फाइली निघतात, हेही नवख्याला गोंधळात टाकते: चालवण्यासाठी डीएलएल आणि लिंक करण्यासाठी इम्पोर्ट लायब्ररी. नंतरचीचे विस्तारनाम ‘लिब’ असते आणि स्थिर लायब्ररीचेही तेच असते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने तयार करणारी बिल्ड फाइल एक दिवस दगा देणारच.

लिनक्सवर सगळी फंक्शने आपोआप बाहेर दिसतात, विंडोजवर एकही दिसत नाही. काय करावे?

विंडोजचा नियम सगळीकडे पाळावा. जीसीसी या कंपाइलरच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून, सगळे सिम्बॉल मुळात झाकलेले ठेवण्याचा ‘एफ-व्हिजिबिलिटी-हिडन’ हा पर्याय आहे, आणि क्लँग हा कंपाइलरही तो मानतो. तो लावला की तिन्ही ठिकाणी परिस्थिती सारखी होते: जे मुद्दाम उघडे केले तेवढेच दिसते. उघडे करण्यासाठी हेडरमध्ये एकच मॅक्रो ठेवावा. विंडोजवर लायब्ररी स्वतः बांधली जात असताना त्याचा अर्थ ‘डीएलएलएक्सपोर्ट’, ती वापरली जात असताना ‘डीएलएलइम्पोर्ट’ आणि इतरत्र ‘व्हिजिबिलिटी डिफॉल्ट’ असा करावा.

या मॅक्रोला आणखी एक अवस्था लागते आणि तीच हटकून राहून जाते: स्थिर लायब्ररी. विंडोजवर स्थिर लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये ‘डीएलएलइम्पोर्ट’ उरले, तर लिंकर मूळ नावाऐवजी ‘इम्प’ असा उपसर्ग लागलेले नाव शोधतो आणि ते सापडत नाही, अशी तक्रार करतो. अशी तक्रार दिसली की लायब्ररीचा मार्ग चुकला आहे का, हे पाहण्यात वेळ घालवू नये. मॅक्रोची ही अवस्था आधी तपासावी.

सीमेक या बिल्ड साधनात विंडोजवर सगळेच सिम्बॉल उघडे करणारी एक सोय आहे. जुना, मोठा कोड प्रथमच विंडोजवर नेताना तिचा आधार घेणे समजण्यासारखे आहे. नव्या लायब्ररीत तिच्या वाटेला जाऊ नये. एकदा चुकून उघडे राहिलेले अंतर्गत फंक्शन कोणीतरी वापरू लागतो आणि मग ते कायमचे सांभाळावे लागते.

लायब्ररीतील ग्लोबल व्हेरिएबल थेट वापरायला दिले तर चालेल का?

देऊ नये, त्याऐवजी फंक्शन द्यावे. विंडोजवर ‘डीएलएलइम्पोर्ट’ नसतानाही फंक्शन छोट्या मध्यस्थ कोडमार्फत बोलावले जाते, पण व्हेरिएबलला ती सवलत नाही. ईएलएफवर वेगळीच मेख आहे: स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये त्या व्हेरिएबलची प्रत काढली जाऊ शकते आणि तिचा आकार लिंक करतानाच ठरून जातो. पुढच्या आवृत्तीत ॲरेमध्ये चार नोंदी वाढवल्या की जुने प्रोग्रॅम अडचणीत येतात.

‘लाँग’ हा ६४ बिट सिस्टीमवर ६४ बिटांचा नसतो का?

लिनक्स, मॅक आणि बीएसडीवर असतो. ६४ बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहिला आहे. पहिल्या मांडणीला एलपी६४ आणि दुसरीला एलएलपी६४ म्हणतात. पॉइंटर दोन्हीकडे ६४ बिटांचा असल्यामुळे, पॉइंटर ‘लाँग’मध्ये साठवणारा कोड लिनक्सवर बिनतक्रार चालतो आणि विंडोजवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग गमावतो. चार जीबीच्या आत पत्ते मिळाले तर चाचणीतही काही कळत नाही, ही त्यातली खरी वाईट गोष्ट.

झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीचे उदाहरण येथे बोलके आहे. तिच्या मुख्य स्ट्रक्टमध्ये आतापर्यंत किती बाइट आत गेले आणि किती बाहेर आले, हे सांगणारे दोन आकडे ‘अनसाइन्ड लाँग’ प्रकाराचे आहेत. ६४ बिट लिनक्सवर ते ६४ बिटांचे असतात. विंडोजवर ३२ बिटांचे असल्यामुळे चार जीबीनंतर पुन्हा शून्यावरून सुरू होतात. झेडलिबचे स्वतःचे काम या आकड्यांवर अडत नाही, पण त्यावर विसंबून फाइलचा आकार लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचे अडते. हा प्रकार बदलला तर स्ट्रक्टचा आकार बदलेल आणि जुने प्रोग्रॅम मोडतील, म्हणून तो तसाच ठेवणे भाग आहे.

सी ९९ मधील ‘स्टडइंट’ हेडर आता सर्वत्र आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून आले. त्याआधीपासून चालत आलेल्या लायब्ऱ्यांनी आपापले प्रकार ठरवले होते, म्हणूनच एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीत स्वतःचा ६४ बिट पूर्णांक आणि कर्ल या नेटवर्क लायब्ररीत स्वतःचा फाइल-अंतर प्रकार दिसतो. आज नवी लायब्ररी लिहिणाऱ्याने सार्वजनिक हेडरमध्ये ठरावीक रुंदीचे पूर्णांक, ‘साइझ_टी’ आणि आतली रचना न दाखवणारे स्ट्रक्ट पॉइंटर एवढ्यावरच भागवावे. ‘लाँग’ तर नकोच; ‘लाँग डबल’ही नको, कारण मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये तो साध्या ‘डबल’इतकाच असतो आणि इंटेलवरील जीसीसीमध्ये ८० बिटांचा.

आणखी कोणते प्रकार असे फसवतात?

‘डब्ल्यूकॅर_टी’ विंडोजवर १६ बिटांचा आणि लिनक्स व मॅकवर ३२ बिटांचा असतो. तो हेडरमध्ये अजिबात आणू नये. साधा ‘कॅर’ इंटेलवर चिन्हांकित असतो, एआरएम लिनक्सवर चिन्हरहित असतो, आणि ॲपलच्या एआरएमवर पुन्हा चिन्हांकित. देवनागरी मजकुराचा यूटीएफ-८ मधील प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो, त्यामुळे ‘बाइट शून्यापेक्षा लहान आहे का’ अशी तपासणी करणारा कोड एका यंत्रावर मराठी ओळखतो आणि दुसऱ्यावर नाही. बाइट हाताळायचे असतील तेथे ‘अनसाइन्ड कॅर’ लिहावे.

‘ऑफ_टी’ आणि ‘टाइम_टी’ यांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचा आकार एकाच सिस्टीमवर दोन प्रकारचा असू शकतो. ३२ बिट लिनक्सवर ‘फाइल_ऑफसेट_बिट्स’ हा मॅक्रो ६४ ठेवला की ‘ऑफ_टी’ ६४ बिटांचा होतो, नाही तर ३२ बिटांचा राहतो. ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ‘टाइम_टी’साठीही तशीच निवड आली, १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांचा सेकंदमोजणीचा हिशोब संपतो, हे तिचे कारण. लायब्ररी एका निवडीने आणि प्रोग्रॅम दुसऱ्या निवडीने बांधला गेला, तर कंपाइलर काही बोलत नाही, लिंकरही बोलत नाही. फक्त पॅरामीटर सरकलेले पोहोचतात. म्हणून फाइलमधील स्थान आणि वेळ हे दोन्ही सीमेवरून ‘इंट६४_टी’ म्हणूनच जाऊ द्यावेत.

लायब्ररीने ‘मॅलॉक’ने घेतलेली मेमरी वापरणाऱ्याने ‘फ्री’ करावी का?

लिनक्सवर एका प्रोसेसमध्ये सहसा एकच सी रनटाइम असते, त्यामुळे असे केल्याने बिघडत काही नाही, आणि म्हणूनच ही सवय जडते. विंडोजवर एका प्रोसेसमध्ये दोन-तीन सी रनटाइम सुखाने नांदू शकतात. रनटाइम स्थिरपणे जोडलेल्या प्रत्येक डीएलएलमध्ये तिची स्वतंत्र प्रत असते. डीबग आणि रिलीज बांधणीच्या रनटाइम तर वेगळ्याच. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून युनिव्हर्सल सीआरटी आल्यामुळे आवृत्त्यांचा पसारा कमी झाला, पण वरची दोन कारणे राहिलीच. एका रनटाइमकडून घेतलेली मेमरी दुसरीच्या ‘फ्री’ला दिली की कधी लगेच क्रॅश होतो, कधी तासाभराने भलत्याच ठिकाणी होतो, आणि कधी आपल्या यंत्रावर होतच नाही.

नियम सोपा आहे: ज्या लायब्ररीने मेमरी घेतली तिनेच ती सोडावी, आणि त्यासाठी तिने स्वतःचे फंक्शन द्यावे. एसक्यूलाइट ‘एसक्यूलाइट३_फ्री’ देते, कर्ल ‘कर्ल_फ्री’ देते, ते याचसाठी. झेडलिब दुसरा मार्ग धरते: वापरणारा स्वतःची मेमरी घेणारी आणि सोडणारी फंक्शने पॉइंटरमधून तिला देऊ शकतो. मजकूर परत करण्यासाठी वापरणाऱ्याकडूनच बफर आणि त्याची लांबी घेणे, हा तिसरा मार्ग. लहान उत्तरांसाठी तो सर्वांत निर्धोक आहे.

हाच नियम ‘फाइल’ पॉइंटरला लागू आहे. प्रोग्रॅमने उघडलेला ‘फाइल’ पॉइंटर डीएलएलमधील ‘एफरीड’ला दिला आणि दोघांची रनटाइम वेगळी निघाली, तर गाडी तेथेच रुळावरून घसरते. फाइलचा मार्ग घ्यावा किंवा वाचण्या-लिहिण्याची कॉलबॅक फंक्शने घ्यावीत. ‘एररनो’ही रनटाइमच्या प्रतीगणिक वेगळा असतो, तेव्हा चूक कळवण्यासाठी स्वतःचा चूक-क्रमांक परत करावा.

मराठी नावाची फाइल लिनक्सवर उघडते, विंडोजवर उघडत नाही. चूक कोणाची?

‘एफओपन’ला दिलेले नाव विंडोज त्या वेळच्या एएनएसआय कोडपेजमध्ये, म्हणजे युनिकोडपूर्व अक्षरसंचात, वाचते. इंग्रजी, रशियन, जपानी यांना अशी जुनी कोडपेज आहेत. मराठी आणि हिंदी विंडोजवर पहिल्यापासून केवळ युनिकोडमधूनच आल्या, त्यांच्यासाठी एएनएसआय कोडपेज नाहीच. परिणामी ‘हिशोब.टीएक्सटी’ हे नाव यूटीएफ-८ मध्ये दिले तर ते भलत्याच अक्षरांचे म्हणून वाचले जाते. उलट विंडोजकडून एएनएसआय मार्गाने फाइलनावांची यादी मागितली, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. सिस्टीमची भाषा बदलून हे सुटणार नाही.

लायब्ररीने आपल्या हेडरमध्ये स्पष्ट लिहावे की सर्व मार्ग यूटीएफ-८ मध्येच घेतले जातील. विंडोजसाठीच्या फाइलमध्ये ते ‘मल्टीबाइटटूवाइडकॅर’ने १६ बिटांच्या रूपात बदलावेत आणि पुढे ‘डब्ल्यूएफओपन’ किंवा ‘क्रिएटफाइलडब्ल्यू’ वापरावे. एसक्यूलाइटचे डेटाबेस उघडणारे फंक्शन सर्व सिस्टीमवर यूटीएफ-८ नावच घेते आणि तिच्या वापरकर्त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये लिहून कोडपेज यूटीएफ-८ करता येते; परंतु हा निर्णय मुख्य प्रोग्रॅमचा असतो, लायब्ररीला तो गृहीत धरता येत नाही.

मॅकवर अडचण वेगळीच आणि मराठीला खास झोंबणारी आहे. ‘वाऱ्याची दिशा’ या फाइलनावातील ऱ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही ते तितक्याच अधिकृतपणे लिहिता येते. पहिल्या रूपात यूटीएफ-८ चे तीन बाइट लागतात, दुसऱ्यात सहा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना ते फोडून दुसऱ्या रूपात ठेवत असे. त्यामुळे आपण दिलेले नाव आणि फोल्डरच्या यादीतून परत आलेले नाव ‘एसटीआरसीएमपी’च्या दृष्टीने वेगळे ठरत असे. नवी एपीएफएस नाव दिले तसे जपते, मात्र शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्स त्याकडे निव्वळ बाइट म्हणून पाहतो, तेथे या दोन वेगळ्या फाइली होतात. लायब्ररीने दिलेले नाव स्वतःहून बदलू नये. दोन नावांची तुलना करायचीच झाली तर दोन्हींच्या प्रमाणित रूपांची करावी. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘पायऱ्या’ असे शब्द फाइलनावांत पदोपदी येत असल्यामुळे चाचणीच्या संचात असे एक नाव असलेच पाहिजे.

‘इफडेफ’ किती वापरावेत?

कामाच्या कोडमध्ये शक्यतो एकही नाही. लायब्ररीला सिस्टीमकडून नेमके काय हवे, याची यादी केली तर ती बहुधा वीस-पंचवीस कामांची निघते: फाइल उघडणे, कुलूप लावणे, वेळ विचारणे, थ्रेड सुरू करणे. त्या कामांसाठी एक अंतर्गत हेडर आणि प्रत्येक सिस्टीमसाठी एक स्वतंत्र सी फाइल ठेवावी. लिबयूव्ही या असिंक्रोनस इनपुट-आउटपुट लायब्ररीत युनिक्स आणि विंडोजसाठी दोन वेगळे फोल्डर आहेत. एसक्यूलाइट याच्या पुढे जाते. तिचा सिस्टीमशी संबंध येतो तो व्हीएफएस नावाच्या फंक्शन-पॉइंटरांच्या स्ट्रक्टमधून, त्यामुळे वापरणारा स्वतःची फाइलप्रणालीसुद्धा जोडू शकतो.

जेथे तपासणी टाळता येत नाही तेथे सिस्टीमचे नाव तपासण्याऐवजी हवी ती सोय आहे का, हे बिल्डच्या वेळी तपासावे. ‘एसटीआरएलसीपीवाय’ बीएसडी आणि मॅकवर पूर्वीपासून आहे; ग्लिबसीमध्ये ते २.३८ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आले. ‘लिनक्स असेल तर स्वतःचे वापरा’ असे लिहून ठेवलेला कोड त्या दिवशी दुहेरी घोषणेवर अडखळला. शिवाय लिनक्स म्हणजे ग्लिबसी नव्हे: अल्पाइन लिनक्स मुसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर चालते आणि मुसल स्वतःची ओळख देणारा मॅक्रो मुद्दामच ठेवत नाही. विंडोजच्या बाबतीतही सिस्टीम आणि कंपाइलर यांची गल्लत होते. मिनजीडब्ल्यू या विंडोजवरील जीसीसीमध्ये ‘विन३२’ मॅक्रो असतो पण ‘एमएससी_व्हर’ नसतो.

नाव एकच आणि वागणे वेगळे, अशी फंक्शने सर्वांत घातक. ‘क्यूसॉर्ट_आर’च्या पॅरामीटरांचा क्रम ग्लिबसीत एक आणि मॅकवर दुसरा आहे. ‘एसटीआरएरर_आर’ पॉसिक्स या युनिक्स मानकाप्रमाणे पूर्णांक परत करते, ग्लिबसीच्या स्वतःच्या रूपात मजकुराचा पॉइंटर. मॅकवर नाव नसलेला सेमाफोर तयार करणारे ‘सेम_इनिट’ कंपाइल होते, लिंक होते आणि चालवताना ‘हे उपलब्ध नाही’ असे सांगते. परत आलेला आकडा न तपासणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही.

थ्रेड आणि सुरुवातीची तयारी यांचे काय?

सी ११ मधील थ्रेड ऐच्छिक आहेत. ग्लिबसीमध्ये ते २.२८ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.८ या आवृत्तीपासून मिळतात. तेव्हा युनिक्सवरील पीथ्रेड आणि विंडोजचे मूळ थ्रेड यांवर स्वतःचे पातळ आवरण घालणे, हाच आजही व्यवहार्य मार्ग आहे. लायब्ररी स्वतः थ्रेड सुरू करत नसेल तर काम फारच हलके होते, आणि पुष्कळ लायब्ऱ्यांना ते सुरू करण्याचे कारणही नसते.

डीएलएल लोड होताना आपोआप चालणाऱ्या ‘डीएलएलमेन’ या फंक्शनमध्ये काम करू नये. ते फंक्शन चालू असताना विंडोज लोडरचे कुलूप धरून असते. तेथून दुसरा डीएलएल लोड करणे किंवा थ्रेड संपण्याची वाट पाहणे म्हणजे डेडलॉकला बोलावणे. लायब्ररी लोड होताच फंक्शन चालवणाऱ्या जीसीसीच्या ‘कन्स्ट्रक्टर’ गुणधर्मालाही त्याच अंतरावर ठेवावे. उघड ‘सुरू करा’ आणि ‘बंद करा’ अशी दोन फंक्शने द्यावीत, किंवा पहिल्या वापराच्या वेळी ‘पीथ्रेड_वन्स’ आणि विंडोजवरील ‘इनिटवन्सएक्झिक्यूटवन्स’ यांच्या आधारे तयारी करावी.

सॉकेट वापरणाऱ्या लायब्ररीत वेगळे काय पाहावे?

विंडोजवर सॉकेट हा ‘इंट’ नसून पॉइंटरच्या रुंदीचा चिन्हरहित पूर्णांक आहे, तेव्हा ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ ही तपासणी तेथे कधीच खरी ठरत नाही. तो ‘क्लोज’ने नव्हे, ‘क्लोजसॉकेट’ने बंद होतो, चूक ‘एररनो’त नसते, आणि ‘डब्ल्यूएसएस्टार्टअप’ आधी बोलवावे लागते. तुटलेल्या जोडणीवर लिहिल्यास युनिक्सवर सिगपाइप हा सिग्नल येऊन वापरणाऱ्याचा अख्खा प्रोग्रॅम बंद पडतो. लिनक्सवर पाठवतानाच ‘एमएसजी_नोसिग्नल’ द्यावे, मॅकवर सॉकेटलाच ‘एसओ_नोसिगपाइप’ लावावे. वापरणाऱ्याचे सिग्नल हाताळणी फंक्शन लायब्ररीने परस्पर बदलू नये.

कॉलिंग कन्व्हेन्शनचा विचार आजही करावा लागतो का?

६४ बिट विंडोजवर नेहमीच्या सी फंक्शनांना पॅरामीटर देण्याची एकच पद्धत असल्यामुळे नाही. ३२ बिट विंडोजला आधार द्यायचा असेल तर कॉलबॅकच्या प्रकारातही पद्धत नमूद करावी. झेडलिबच्या विंडोज आवृत्त्यांत ‘सीडेक्ल’ आणि ‘स्टडकॉल’ या दोन पद्धतींची वेगवेगळ्या नावांची डीएलएल आहेत, ही वेगळी नावे देण्याची खबरदारी घेतली नसती तर चुकीची फाइल उचलणाऱ्याचा स्टॅक बिघडला असता.

लायब्ररी बांधली, पण प्रोग्रॅमला ती सापडत नाही. का?

विंडोजवर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आधी शोध होतो. डीएलएल तेथे ठेवणे हेच सर्वांत सरळ. ईएलएफवर ‘डॉलर ओरिजिन’ने, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरने, सुरू होणारा मार्ग आरपाथमध्ये (फाइलमधील लायब्ररी-शोधाच्या नोंदीत) लिहिता येतो, म्हणजे प्रोग्रॅम हलवला तरी नाते टिकते. मेकफाइलमध्ये ते डॉलर चिन्ह मेक किंवा शेल गिळून टाकतो आणि मार्ग अर्धाच नोंदला जातो. ‘रीडएल्फ’ने खात्री करून घ्यावी. शिवाय नवे लिंकर बहुधा आरपाथऐवजी रनपाथ लिहितात, आणि तो आपल्या लायब्ररीला लागणाऱ्या पुढच्या लायब्ऱ्यांना लागू होत नाही. मॅकवर लायब्ररीचा मार्ग तिच्या स्वतःच्या आत ‘इन्स्टॉल नेम’ म्हणून लिहिलेला असतो आणि लिंक करताना तोच प्रोग्रॅममध्ये उतरतो. तो ‘ॲट आरपाथ’ने सुरू करावा.

‘एलडी_लायब्ररी_पाथ’ आणि मॅकवरील ‘डीवायएलडी_लायब्ररी_पाथ’ हे लायब्ररी कोठे शोधायची ते सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चाचणीपुरते ठीक आहेत. मॅकवर एल कॅपिटन या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, सिस्टीमच्या संरक्षित प्रोग्रॅमला हे दुसरे व्हेरिएबल पोहोचतच नाही, आणि त्यात शेलही आला.

आवृत्तीचा क्रमांक कसा द्यावा?

लिनक्सवर एसओनेममधील, म्हणजे लायब्ररीच्या आत नोंदलेल्या नावातील, मुख्य क्रमांक जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगती मोडल्यावरच वाढवावा, जाहिरातीसाठी नव्हे. लिबटूल या बिल्ड साधनाचे तीन आकडे हे प्रकाशनाची आवृत्ती नसून इंटरफेसचा हिशोब आहेत. लिनक्सवर पहिल्यातून तिसरा वजा करून मुख्य क्रमांक निघतो. मिनजीडब्ल्यूवर तो क्रमांक डीएलएलच्या नावातच येतो. मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी बांधताना हे कोणी करून देत नाही. सुसंगती मोडली की नावात क्रमांक स्वतःच घालावा.

याच्या उलट बाजूला आपण ज्यावर उभे आहोत त्या सिस्टीमची आवृत्ती असते. ताज्या लिनक्सवर बांधलेली लायब्ररी जुन्या लिनक्सवर ‘ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ म्हणून नाकारली जाते, कारण ग्लिबसी प्रत्येक सिम्बॉलवर आवृत्तीचा शिक्का मारते, २.१४ मध्ये ‘मेमसीपीवाय’ला नवा शिक्का मिळाला तेव्हा अनेकांना हे प्रथम कळले. यावर उपाय एकच: आधार द्यायचा असलेल्या सर्वांत जुन्या वितरणावर बांधणे. पायथनच्या ‘मेनीलिनक्स २०१४’ या व्यवस्थेने त्यासाठी सेंटओएस ७ आणि ग्लिबसी २.१७ हा पाया धरला होता. मॅकवर ‘डिप्लॉयमेंट टार्गेट’ आणि विंडोजवर ‘विन३२_विनएनटी’ मॅक्रो हे काम करतात.

‘एफ-पीआयसी’ सगळीकडे लागते का?

मेमरीत कोठेही लोड करता येईल असा कोड बनवणारी ही निवड ६४ बिट इंटेल लिनक्सवर लागते. नाही तर लिंकर स्वतःच तसे सांगतो. मॅकवर ते मुळातच चालू असते, विंडोजवर गरज नाही. सीमेकमध्ये एक गुणधर्म लावला की विषय संपतो.

ॲपलच्या एआरएम यंत्रांवर काही वेगळे करावे लागते का?

२०२० पासूनच्या या यंत्रांवर दोन गोष्टी जाणवतात. ‘प्रिंटएफ’सारख्या बदलत्या संख्येच्या पॅरामीटरांच्या फंक्शनांना ते पॅरामीटर येथे नेहमी स्टॅकवरून मिळतात. असे फंक्शन साध्या घोषणेच्या फंक्शन पॉइंटरमधून बोलावले, तर इंटेलवर चालून जाते आणि येथे कचरा वाचला जातो. दुसऱ्या भाषांतून लायब्ररी वापरली जाणार असेल, तर अशा प्रत्येक फंक्शनाची ‘व्हीए_लिस्ट’ घेणारी किंवा ठरावीक पॅरामीटरांची जोड-आवृत्ती द्यावी. दुसरे असे की येथे सही नसलेला कोड चालत नाही. ‘इन्स्टॉल नेम’ बदलल्यावर सही मोडते, म्हणून ‘कोडसाइन’ त्यानंतर करावे.

कोणते बिल्ड साधन निवडावे?

मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर यादीत असेल तर ऑटोटूल्स नव्या प्रकल्पासाठी घेऊ नयेत. ते युनिक्सच्या शेलवर उभे आहेत. सीमेक किंवा मेसन यांपैकी संघाला जे येते ते घ्यावे. सीमेकची भाषा कोणाला आवडते असे दिसत नाही, पण वापरणारे प्रकल्प बहुधा तिचीच मागणी करतात. साधन कोणतेही असो, एसक्यूलाइटप्रमाणे सगळा कोड एका सी फाइलमध्ये जोडून देण्याची सोय ठेवली, तर ज्याला तुमची बिल्ड नको आहे त्याचाही मार्ग मोकळा राहतो.

हे सगळे तपासावे कसे?

तिन्ही सिस्टीमवर प्रत्येक बदलागणिक बिल्ड चालवावी, आणि लिनक्सवर अल्पाइनही घ्यावे, कारण ग्लिबसीची गृहीतके तेथे लगेच उघडी पडतात. चाचणीचा प्रोग्रॅम विंडोजवर मुद्दाम लायब्ररीहून वेगळ्या रनटाइमने बांधावा. तसे केले की मेमरीच्या मालकीच्या चुका ग्राहकाकडे जाण्याआधी सापडतात.

बाहेर दिसणाऱ्या सिम्बॉलांची यादी मजकूर फाइल म्हणून कोडबरोबर जपून ठेवावी. लिनक्सवर ‘एनएम’, विंडोजवर ‘डंपबिन’ आणि मॅकवर तेथील ‘एनएम’ यांनी मिळालेली यादी वर्णक्रमाने लावून तिच्याशी ताडून पाहावी. मॅकवर प्रत्येक नावाआधी एक अधोरेखा असते, ती आधी काढावी. फरक निघाला की बिल्ड थांबवावी. नवे फंक्शन मुद्दाम उघडे केले असेल तर ती फाइल त्याच बदलात सुधारली जाते, आणि तपासणाऱ्याला हेडर न उघडताही इंटरफेस वाढल्याचे दिसते.